‘पाणी आलं’चा दुसरा भाग

८ जानेवारी २०२४, अक्रा

नाही म्हणाले. दोन ओळींत! डेलालीच्या ‘मीठ’ला नाही, आणि ‘पाणी आलं’च्या दुसऱ्या भागाला हो. दुसरा भाग मागितला होता कुणी?

हेड्विगची मेल. आमच्या गेमच्या प्रकाशकांची बाई, तिकडे थंडीत बसून आम्हा तिघांचं भलं बघते. म्हणे, ‘मीठ’ फार सुंदर आहे, पण हे नाव कुणी ऐकलेलं नाही. ‘पाणी आलं’ लोकांना माहीत आहे. अगं बाई, तीन वर्षांपूर्वी ‘पाणी आलं’ तरी कुणी ऐकलं होतं?

डेलालीनं मेल उभ्यानंच वाचली. आठ महिने काढलेत त्यानं ‘मीठ’वर. खाजण आटतं, मीठ उघडं पडतं, दोन बहिणी आणि टोपली एकच. ओबेंगनं चित्रं काढली होती, पांढरीशुभ्र, डोळे दिपतील अशी. मी बहिणींच्या गाण्याची चाल बसवली होती. सगळं तिथंच थांबलं.

ओबेंग म्हणाला, "रडताय काय? तेच घर, जरा मोठं. तोच समुद्र, जरा जास्त चिडलेला. डोळे मिटून काढीन मी."

"तेच म्हणतोय," डेलाली म्हणाला. "डोळे मिटूनच काढशील."

आणि निघून गेला. दार उघडंच टाकून. हरमाटान वाऱ्याची धूळ सगळ्या टेबलांवर.

१० जानेवारी

आज पहिला भाग पुन्हा खेळले. अनोळखी माणसासारखी, पहिल्यापासून.

समुद्रकाठच्या केटा गावातलं घर. डेलालीच्या आईचंच, खोलीन्‌खोली. समुद्र येतो. खेळणाऱ्यानं सामान पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत न्यायचं. काय उचलायचं, काय सोडायचं, एवढाच खेळ. कितीही वाचवा, घर जातंच. शेवटी आई म्हणते, "तू हो पुढं, मी दार लावून येते." येत नाही. संपलं. जिंकण्याची सोयच नाही! लोकांनी त्यासाठी डोक्यावर घेतलं, आणि शिव्याही त्यासाठीच घातल्या.

आईचा आवाज डेलालीच्या खऱ्या आईचा. आँटी यावा. गेममध्ये तिची वाक्यं एकेचाळीस, आणि माझ्याकडे रेकॉर्डिंग अकरा तासांचं. यंत्र चालू आहे हे ती विसरायची. निदान विसरल्याचं सोंग करायची. भट्टीवरचे मासे उलटता उलटता बोलत राहायची.

१४ जानेवारी

डेलाली परत आला. दुपारभर भांडण. जेवायला आणलेली मक्याची केंकी गार झाली, कुणी हात लावला नाही.

तो म्हणतो, जिला शेवट आहे त्या गोष्टीला दुसरा भाग काढणं म्हणजे मेलेल्याला उठवून नाचवणं. म्हणतो, दुसऱ्यात भिंत उंच, तिसऱ्यात आणखी उंच, चौथ्यात तोफा. "आणि ‘मीठ’ कधी होणार? आपण म्हातारे झाल्यावर?"

मी म्हटलं, माझी आजी रोज कोळ्याचीच गोष्ट सांगायची. अयियी, आठ पायांचा कोळी. तोच हावरट, तेच पोट, तीच लबाडी. आम्ही पोरं कधी म्हणालो का, आजी, दुसरा प्राणी आण? "ऐका गोष्ट," ती म्हणायची. आणि आम्ही ओरडायचो, "येऊ द्या!" कोळी ठरलेला होता म्हणून तर तिचं सगळं डोकं बाकीच्या गोष्टीत चालायचं.

डेलाली म्हणाला, "तुझ्या आजीला कुणी मेल पाठवली नव्हती — की लोकांना कोळी आवडतो, अजून आठ पाय लावा."

ओबेंग इतका हसला की खुर्चीवरून पडायचाच राहिला. मीही हसले. पण डेलाली हसला नाही.

२२ जानेवारी

हेड्विगची यादी आली. घर मोठं. तीन शेवट. आणि तळाशी, ठळक अक्षरांत — आई परत हवी. पाहणी केली म्हणे. शंभरातल्या एक्याऐंशी जणांना आई परत हवी.

डेलालीनं यादी छापून घेतली, घडी घातली, खिशात ठेवली. "आईलाच दाखवतो," म्हणाला.

३ फेब्रुवारी, केटा

वाटेत सोगाकोपेच्या पुलावर आबोलो, म्हणजे वाफवलेल्या मक्याच्या वड्या, आणि तळलेले बारके मासे घेतले, ते आँटी यावानं बघितल्याबरोबर बाजूला सारले. "पुलावरचं खाऊन माझ्या घरी येतेस? उपाशी आले म्हण, नाहीतर परत जा."

भेंडीचं कालवण, मक्याच्या पिठाचं अक्पले. दोनदा वाढलं. डेलाली तोंड पाडून बसलेला.

यादी तिला वाचून दाखवली ती त्यानंच, खवचट आवाजात. तिनं नीट ऐकली. मग मला म्हणाली, "पहिल्या वेळी मला बुडवलंत. आता काय, वाळत घालणार?"

"तुला जिवंत करायचंय त्यांना," डेलाली म्हणाला.

"मग करा की! मला कुठं मरायची घाई आहे?"

"आई, हा थट्टेचा विषय नाही. ती गोष्ट संपलीय."

"तुझी संपली असेल. माझं घर उभं आहे. समुद्र तिथंच आहे. कालसुद्धा अंगणात आला होता, मी झाडूनं हाकलला." आणि मग माझ्याकडे वळून, "सेफा, तू ऐकू नकोस याचं. हा लहानपणी एकच पतंग करायचा आणि फाटेल म्हणून उडवायचाच नाही."

मी विचारलं, बोलशील का परत? ती म्हणाली, बोलीन की, बोलायला काय पैसे पडतात! आत्ताच यंत्र लाव म्हणाली. मी म्हटलं, आँटी, वाक्यं लिहून व्हायचीत, यादीप्रमाणे बसवायचीत. ईस्टरला येते.

"ईस्टरला कांदे काढायचे असतात," ती म्हणाली. "पण ये."

डेलाली माझ्याबरोबर परतला नाही. सोडतोय म्हणाला. केटातच राहीन, ‘मीठ’ एकट्यानं करीन. स्टँडवर सोडायलाही आला नाही.

१२ मार्च

आँटी यावा गेली.

१४ मार्च

भट्टीपाशी कोसळली. डेलाली बाजूच्या खोलीत होता, त्याला वाटलं जाळी पडली. दवाखान्यापर्यंत होती म्हणे. काही बोलायचं होतं, जीभ वळली नाही.

मी त्या दिवशी यंत्र लावलं असतं तर! ती समोर बसली होती. लाव म्हणत होती. मी यादी घेऊन बसले.

२० एप्रिल, केटा

अंत्यविधी, इथल्या रीतीनं महिन्याभरानंतर. लाल-काळे कपडे, पावसाची चिन्हं, ढोल. फलकावर तिचा फोटो — हसत नाहीये त्यात, तिला कुणी हसू नको म्हणून सांगितलं असणार. डेलालीनं मला बघितलं, मान हलवली, बस्स. त्याची मावशी सगळ्यांना सांगत होती, "ही ती मुलगी, जिनं यावाला टीव्हीत बुडवलं." काही बायांनी माझा हात हातात घेतला. काहींनी नाही घेतला.

२९ एप्रिल

हेड्विगनं फोनवर आधी दुःख कळवलं. खरंच वाईट वाटलं असावं तिला, आवाज बसला होता. मग — "तुमच्याकडे अकरा तास आहेत ना? पुरेत. आता अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगवरही आवाज तयार होतो."

ओबेंगनं माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

आँटीनं स्वतः होकार दिला होता. हे मी आज दिवसभरात कितीदा स्वतःला सांगितलं!

६ मे

आवाज बनवणाऱ्या यंत्राला ते अकरा तास खाऊ घातले. दुपारी पहिलं वाक्य लिहिलं. साधंच — "खिडकी ओढून घे, वारं सुटलंय."

बोलली.

‘वारं’ म्हणताना तिचा तो किंचित घोगरेपणा. धुराचा. ओबेंग उठला आणि बाहेर गेला. परत आला तेव्हा डोळे लाल. म्हणाला, "छान झालंय." मग म्हणाला, "मला ऐकवत जाऊ नकोस."

२१ मे

साठ वाक्यं झाली. भरभर होतंय. तिच्याकडून एवढं भरभर कधी झालं नसतं. ती मध्येच शिंकायची, शेजारणीला हाक मारायची, वाक्य बदलायची. "असं कुणी बोलतं का, सेफा? दार लाव म्हण, दार बंद कर काय म्हणतेस!" आता मी लिहिते ते जसंच्या तसं म्हणते. वाईट लिहिलं तर वाईट म्हणते. माझी चूक सुधारत नाही.

३० मे

लिहू की नको. कुणी वाचणार नाही, लिहिते.

ओबेंग जेवायला गेला होता. मी लिहिलं, "शाब्बास सेफा. तुझं काही चुकलं नाही पोरी."

म्हणाली.

चार वेळा म्हणायला लावलं.

३ जुलै

डेलाली आला. न सांगता. त्याचे कागद न्यायला, ‘मीठ’चे. वाळलाय. दाढी वाढलीय. मी पाठमोरी होते, कानाला काही लावलं नव्हतं, स्पीकर चालू. शेवटचा प्रसंग बसवत होते. आई दारातून परत येते आणि म्हणते, "वाचले रे. मी वाचले."

मागं काही पडल्याचा आवाज. कागद.

तो ओरडेल असं वाटलं. नाही ओरडला. खाली बसला, जमिनीवरच, आणि विचारलं, "हे ती कधी म्हणाली?"

मी स्पीकर बंद केला.

"सेफा. हे ती कधी म्हणाली? मी होतो तिथं. ती काहीच म्हणाली नाही. तोंड वाकडं झालं होतं तिचं."

"तिनं होकार दिला होता, डेलाली. तुझ्यासमोर."

"बोलायला दिला होता. बोलवून घ्यायला नाही."

त्यानं पडद्याकडे बोट केलं.

"पूस," तो म्हणाला.

"बरं. केलेलं सगळं पुसते."

"सगळं. ते अकरा तास पण."

"मूळ रेकॉर्डिंग? अरे, ते खरं आहे, ते तिचं—"

"ते असेपर्यंत तुम्ही तिला शिजवत राहाल. तू नाही तर ती हेड्विग. तिसऱ्या भागाला. चौथ्याला. माझी आई म्हणजे काय न आटणारी विहीर आहे, म्हणून उपसतच बसायचं? पूस!"

ओबेंग दारात उभा होता, हातात भात-चवळीच्या वाचेची पुडी. डेलाली त्याच्या अंगावरून गेला. कागद जमिनीवर तसेच.

५ जुलै

पुसलं. तीन ठिकाणी प्रती होत्या, तिन्ही. ओबेंग म्हणाला, "एक ठेव. त्याला कोण सांगतंय?" मी म्हटलं, मला माहीत असेल ना. आणि एक प्रत राहिली तर मी पुन्हा ‘शाब्बास सेफा’ म्हणायला लावीन, हे त्याला नाही सांगितलं.

शेवटच्या वेळी ऐकलंही नाही. ऐकलं असतं तर पुसलं नसतं.

८ जुलै

हेड्विग कधी नव्हे ती चिडली. आईचं काय करणार विचारते. आवाजाला दुसरी बाई आणा म्हणते, की आता तेही नको? गेम बाहेर काढायची ऑक्टोबरची तारीख हलणार नाही. तिचंही खरं आहे. तिच्या डोक्यावर आणखी कुणी बसलेलं असणार.

२ ऑगस्ट

काही नाही. एक ओळ नाही. तीन बायकांचे आवाज ऐकले. चांगल्या होत्या तिघी. मीच वाईट.

११ ऑगस्ट

ओबेंग आज म्हणाला, "डेलालीचं बरोबर होतं. मी डोळे मिटूनच काढत होतो." सहा महिन्यांची चित्रं त्यानं बाजूला काढली. काढता काढता डोळे पुसत होता. चिडवावं म्हटलं, "काय रे, तुमच्या कुमासीत असं रडतात होय?" तर म्हणाला, "हो."

१९ ऑगस्ट

सुचलं! आंघोळ करताना सुचलं आणि नळ गेला, तशीच साबणासकट बाहेर आले.

आई नाही. परत येतच नाही. पाणी ओसरलंय, आणि खेळणारा एकटा घरी आलाय. घर गाळानं भरलेलं, सामान इकडंतिकडं. त्यानं फक्त लावायचं. तिनं जसं लावलं असतं तसं. सूचना नाही, बाण नाही, चुकलं तर आवाज नाही. बरोबर आलं तरी आवाज नाही! पातेलं कुठं असायचं? बाक कुठल्या भिंतीला? मीठ कुठल्या फडताळात? ज्यानं पहिला भाग खेळलाय त्याच्या हाताला आठवेल. त्यानंच तर ते सगळं उचलून पळवलं होतं.

हे नव्या गेममध्ये होऊच शकलं नसतं. नव्या घरात कुणाला काय आठवणार? दुसऱ्या भागाकडेच ही एक गोष्ट असते — खेळणाऱ्याची आठवण. आम्ही सगळे पहिल्या भागावर मजले चढवत बसतो. भिंती, तोफा, आठ पाय. पण खणून कुणी बघत नाही.

डेलालीला फोन करावासा वाटला. हातात घेतला. ठेवला.

आणि हेही लिहिते. आवाज पुसला नसता तर हे सुचलं नसतं. हा विचार मला आवडत नाही. पण आहे.

६ सप्टेंबर

हेड्विगनं खेळून बघितलं. फोनवर म्हणाली, "एक्याऐंशी टक्के मला मारतील." आणि पुढे, हळूच — "होऊ दे."

हिच्याबद्दल मी वाईटसाईट लिहिलंय वर. राहू दे, खोडत नाही.

२४ ऑक्टोबर

आला बाहेर. ‘पाणी आलं : भाग दोन’. वीज नव्हती. ओबेंगच्या फोनवर बघितलं.

२ नोव्हेंबर

शिव्या खूप. "आई कुठाय? आईसाठी घेतला होता." "हा खेळ आहे की साफसफाई?" आणि मग दुसरेही. एका माणसानं लिहिलंय, की बाक कुठं होतं ते आठवेना म्हणून तो रडला, आणि मग त्याच्या स्वतःच्या घरचं बाक कुठं होतं तेही आठवेना. कुणी म्हणतं पहिल्यापेक्षा सरस. कुणी म्हणतं दुसरा भाग असावा तर असा.

ओबेंगनं नाचून दाखवलं. मला आनंद झाला. खोटं का लिहू — फार झाला. आणि लगेच लाज वाटली.

डेलालीचं काही नाही.

१८ नोव्हेंबर

तिसऱ्या भागाची मेल. "तीच शांतता हवी, पण थोडी कमी." तीच शांतता, थोडी कमी! आता ही शांतताही दरवर्षी काढायची. भिंतीसारखी.

मी लिहिलं, आधी ‘मीठ’. डेलालीचं नाव घालून पाठवलं. त्याला न विचारता. हेड्विग म्हणते, विचारून बघते वरच्यांना.

७ डिसेंबर

डेलाली आलाय. बाहेरच्या खोलीत बसलाय. त्याला पाणी देते म्हणून आत आले आणि दार लावून हे लिहितेय.

दुसरा भाग खेळला म्हणाला. दोनदा. सगळं सामान बरोबर लागलं त्याचं, फक्त मीठ चुकलं. "चांगला केलास," म्हणाला. वर्षभर ज्याची वाट बघितली ते वाक्य आलं, आणि मला काही वाटायच्या आत तो पुढे बोलायला लागला. ‘मीठ’चं काही होत नाही म्हणाला. बसतो, उठतो. घर फार गप्प झालंय. आईच्या शिव्या सगळ्या आठवतात, पण आवाज लागत नाही. शब्द आहेत, म्हणतो, पण आवाज माझाच येतो. मार्चमध्ये वर्ष होईल, तेव्हा मावशीलाही ऐकायचंय.

"गेममधलं नको," म्हणाला. "ती वाक्यं तू लिहिलेली. मला मधलं दे. मासे उलटताना बोलायची ते. मी तेव्हा रागात काय काय बोललो, पण तू एक प्रत ठेवली असशीलच. तुला ओळखतो ना मी."

आणि हसला. वर्षभरात पहिल्यांदा.

पेला भरून ठेवलाय. तो हाक मारतोय, "सेफा, पाणी खणून आणतेस का?"